गवरा कुंभारणीनं तालमीचा हौद खणला

फार फार वर्षांपूर्वी येरळा नदीच्या काठी निंबवळ नावाचं एक गाव होतं. त्या गावात धोंडी नावाचा कुंभार होता. त्याला गवरा नावाची बायको होती, भैरू नावाचा एकुलता एक मुलगा होता, चार गाढवं होती आणि एक चाक होतं. धोंडी चाक फिरवायचा, गवरा माती मळायची आणि भैरू तालमीत घुमायचा.

गवरेला मातीचं सगळं कळायचं. असं म्हणतात की, ती डोळे मिटून चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि सांगायची, ही ओढ्याची, ही तळ्याची, ही पाटलाच्या बांधावरची, आणि ही कुणी चोरून आणलीय ते मी सांगत नाही. घागरीवर नुसती टिचकी मारून ती कुठं तडकणार ते तिला आधीच समजायचं. लोक म्हणायचे, धोंडीनं मडकी घडवावीत आणि गवरेनं त्यांचं भविष्य सांगावं.

आता त्या गावची तालीम कशी होती, ते ऐका.

निंबवळच्या तालमीत एके काळी राणू पैलवान नावाचा मोठा मल्ल होऊन गेला. चैत्रात नदीपलीकडं जोगाईची जत्रा भरायची. सहा गावांचे गडी तिथं उतरायचे. एका गावाचा गडी पडला की तो बसायचा आणि त्याच गावाचा दुसरा उठायचा. जिंकणारा उभाच राहायचा. असं करता करता ज्या गावाचा गडी शेवटी उभा राहील, त्या गावाला जोगाईची ढाल मिळायची. राणू होता तोवर ढाल निंबवळची. राणू गेला आणि ढालही गेली. अकरा वर्षं झाली, ढाल काही परत आली नाही.

का आली नाही? तर तालमीचे वस्ताद होते तातोबा. मोठ्या छातीचे, मोठ्या आवाजाचे, आणि हट्टानं त्याहून मोठे. राणू त्यांचाच चेला. राणू गेला त्या दिवशी तातोबांनी शपथ घातली, "ह्या हौदात माझ्या राणूचा घाम जिरलाय. आजपासनं हौदाला कुदळ लावायची न्हाई. माती उकरली तर घाम जाईल, घामासंगं यश जाईल."

झालं. हौद म्हणजे कुस्तीची तांबडी माती. दुसऱ्या गावांत ती दर आठवड्याला खणायचे, चाळायचे, तिच्यात ताक आणि तेल आणि हळद घालायचे. निंबवळात मात्र अकरा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. पोरं तिच्यावर पडत राहिली, माती दबत राहिली. दबून दबून ती अशी झाली की तिच्यावर जोंधळा मळावा. पोरं मात्र रोज सकाळी तिला कपाळ लावायची, अंग मोडून उतरायची आणि हाड मोडून निघायची.

कुणाचा घोटा, कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट. तातोबांचा एकच उपाय. सुजलं की कढत तेलानं चोळायचं, लचकलं की हिसका द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हौदात. जो घरी बसला तो बायल्या. तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, पाण्यानं अंग ढिलं होतं म्हणे. वस्तादांचा स्वतःचा मुलगा खंडू. दोन वर्षांपूर्वी त्याचा खांदा निखळला. वस्तादांनी हिसका दिला, तिसऱ्या दिवशी त्याला हौदात उतरवला, आणि खांदा पुन्हा निखळला. तेव्हापासून खंडूचा हात कानाच्या वर जाईना. तातोबा त्याच्याशी धड बोलेनात. तो तालमीच्या दारात बसून दुसऱ्यांचे लंगोट धुवायचा.

गवरा रोज नदीवरून माती आणायची. वाट तालमीवरूनच जायची. बायकांना तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी. पण आवाजाला कोण बंदी घालणार? आत कुणी पडलं की धप्प व्हायला हवं. तिथं ठक्क व्हायचं. गवरा गाढवाला म्हणायची, "ऐकलंस? मेलेल्या मातीचा आवाज हाय ह्यो." गाढवानं कान हलवायचे आणि दोघांनी पुढं निघायचं.

माघाच्या पुनवेला भैरूच पडला.

चौघांनी त्याला घोंगडीत घालून घरी आणला. उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मागोमाग तातोबा आले, हातात कढत तेलाची वाटी.

"सर बाजूला, गवरे. चोळतो आन् एक हिसका देतो. चैत्रात ह्योच माझा पयला गडी हाय."

गवरा दारातून हलली नाही. "वस्ताद, मी तुमच्या पाया पडते. पर माझ्या पोराला हात लावू नका."

"तू मला शिकवतीस?"

"शिकवीत न्हाई. आव्यातनं आत्ताच काढलेल्या मडक्याला कुनी हात लावतं का? तापलंय ते. आधी निवू द्या."

तातोबांनी वाटी दाराशी आपटली आणि गेले. गवरेनं रांजणाखालची गार चिकणमाती काढली. त्या मातीत पाणी झिरपून झिरपून माघातलं गारपण साठलेलं. ओल्या फडक्यात ती घालून तिनं गुडघ्यावर ठेवली. तापली की काढायची, थोडं थांबायचं, दुसरी ठेवायची. पायाखाली गाठोडं दिलं, पाय उंच केला. वरून लुगड्याची पट्टी गुंडाळली, पण अशी की आत बोट सरकावं. पायाची बोटं गार पडली नाहीत ना, हे ती घडीघडी चाचपत होती. दोन दिवस तिनं चोळू दिलं नाही, शेकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सूज निम्म्यावर आली.

चौथ्या दिवशी तिनं एक कोरं मडकं काखेत मारलं आणि ती तालमीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. आत पाटील आले होते, पोरं होती, तातोबा होते.

"कुंभारीण, मडकं कुनी मागवलंय?" तातोबा म्हणाले.

"कुनी न्हाई. फुकट हाय," असं म्हणून गवरेनं ते मडकं उचललं आणि उंबऱ्याबाहेरूनच हौदात फेकलं.

मडक्याचा चुरा झाला. एक खापर उडून पाटलांच्या जोड्यापाशी आलं.

गवरा म्हणाली, "पाटील, कुस्तीची माती अशी असावी का? माझं मडकं एका पडन्यात फुटलं. ही पोरं रोज शंभर डाव पडत्यात. त्यांची हाडं काय लोखंडाची हायत? मला ह्या हौदाला कुदळ लावू द्या."

तातोबा ताडकन उठले. "राणूच्या घामावर कुदळ? आन् ती बी बाईची?"

"वस्ताद, घाम न्हाई काढत मी. वाळलेल्या मातीत घाम निजून पडलाय. ती मळली तर घाम सगळ्या पोरांना मिळंल. जुन्या मातीतली एक पाटी बी बाहेर टाकनार न्हाई."

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. त्यांचाच धाकटा भाऊ गेल्या वर्षी मनगट मोडून बसला होता. ते म्हणाले, "चैत्राला दोन महिने हायत. करू दे तिला."

"करू दे," तातोबा म्हणाले. "पर ढाल आली न्हाई, तर कुंभारानं चाक उचलायचं आन् गाव सोडायचं. हाय कबूल?"

"कबूल," गवरा म्हणाली, आणि मगच तिला आठवलं की नवऱ्याला विचारायचं राहिलं.

घरी धोंडीनं सगळं ऐकलं. त्यानं उठून चाकावर वीत टाकून मोजलं. मग म्हणाला, "चाक चार गाढवांवर बसंल का पाचवं आनावं लागंल?"

"अवो, हसताय व्हय?"

"रडून काय व्हनार? तू कबूल केलंस म्हंजी मी केलंच. कुदळ कुठली घेतीस? आपली बोथट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवरेनं देवीला नारळ फोडला, तालमीच्या उंबऱ्याला हात लावला आणि आत गेली. त्या तालमीत आत गेलेली ती पहिली बाई. असं म्हणतात की, तिनं पहिली कुदळ मारली तेव्हा मातीतून ठिणगी उडाली. एकही गडी पुढं येईना. सगळे वस्तादांकडं बघत भिंतीशी उभे. गवरा एकटी खणत होती.

मग दारात बसलेला खंडू उठला. त्यानं डाव्या हातात कुदळ घेतली, कारण उजवा वर जात नव्हता, आणि तो हौदात उतरला. तातोबांनी तोंड फिरवलं. पण त्यांनी त्याला थांबवलं नाही, एवढं पाहून बाकीची पोरंही उतरली.

खपल्या निघाल्या. एकेक खपली भाकरीएवढी जाड. त्या त्यांनी कुटल्या, चाळल्या. गाढवांवरून नदीची तांबडी माती आली. गावातल्या घराघरांतून ताक आलं, तेल आलं, हळद आणि लिंबं आली. गवरेनं ती माती पायानं तुडवली, चाकावर टाकायची असते तितक्या मायेनं. दहा दिवसांनी तिनं धोंडीला तालमीच्या छपरावर चढवलं आणि हातात एक कोरं मडकं दिलं.

"सोडा खाली!"

धोंडीनं डोळे मिटून मडकं सोडलं. मडकं मातीत पडलं, मानेपर्यंत रुतलं आणि तसंच राहिलं. एक चरा नाही की तडा नाही. असं म्हणतात की, पाटलीणबाईंनी त्याच मडक्यात त्या दिवशी दूध विरजलं आणि दही इतकं घट्ट लागलं की उपडं केलं तरी पडेना.

माती झाली. आता माणसं राहिली होती.

गवरा पोरांना म्हणाली, "बाबांनो, ढेकूळ उचलून कुनी चाकावर टाकतं का? आधी मळायचं, ऊन करायचं, मग चाक. तसंच अंगाचं." आल्या आल्या कुस्ती धरायची नाही. आधी नदीपर्यंत चालत जायचं, येताना पळत यायचं. हात फिरवायचे, कंबर फिरवायची, जोर-बैठका आधी सावकाश काढायच्या, मग नेटानं. घाम फुटला की मगच हौद. कुस्ती झाली की एकदम बसायचं नाही, पुन्हा चालायचं, अंग निववत न्यायचं. एक दिवस दमाच्या कुस्त्या, दुसरा दिवस हलका. दुपारी झोप. आणि तालमीच्या दारात पाण्याचा रांजण.

"पानी?" तातोबा ओरडले. "पैलवान का म्हशी?"

"म्हशीला कधी पायात गोळा आलेला बघितलाय का, वस्ताद?" गवरा म्हणाली, आणि पोरांनी तोंडं लपवली.

सगळ्यांत मोठा नियम दुखण्याचा होता. जरा कुठं कळ आली की त्याच घटकेला सांगायचं. थांबायचं. गार माती, उंच पाय, पट्टी, विसावा. हाड वाकडं दिसलं किंवा पाय टेकवेनासा झाला, तर गवरा ते ओढायची-बसवायची नाही. बांबूच्या कामट्या बांधून, बैलगाडीत घालून ती त्याला तालुक्याच्या हाडवैद्याकडं धाडायची. म्हणायची, "मला मातीचं कळतं. मोडलेल्या हाडाचं ज्याला कळतं, त्याच्याकडं जा." आणि जो कुणी दुखणं लपवेल, त्यानं आठ दिवस तिच्या गाढवांना पाणी पाजायचं. पैलवान हातात बादली घेऊन गाढवामागं चाललेला दिसला की अख्खं गाव कट्ट्यावर यायचं. त्यामुळं दुखणं लपवायची चाल चार दिवसांत मोडली.

सकाळी पोरं नदीकडं चालायला लागली, तशी मागोमाग म्हातारी माणसं निघाली. पाटलीणबाईंचे गुडघे धरलेले होते. त्या पहिल्या दिवशी वेशीपर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. आठ दिवसांनी नदी गाठली. पाटील म्हणाले, "आमच्या घरात आता मला शोधायला मानूस पाठवायला लागत न्हाई, ही स्वताच येती. माझी पंचाईत झाली."

खंडूला गवरेनं नदीत नेला. कमरेएवढ्या पाण्यात उभा करून हात पाण्यावर तरंगवायला लावला. पहिल्या दिवशी वीतभर, मग हातभर. मग भिंतीवर बोटं चालवत चालवत वर न्यायची. रोज कोळशाची खूण करायची, कालच्या खुणेच्या वर एक बोट, दोन बोटं नाही. दुखलं की तिथंच थांबायचं. महिन्यानं खंडूचा हात कानाच्या वर गेला. पुढं पंधरा दिवसांनी त्यानं त्या हातानं पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर चढवली. बापाला त्यानं सांगितलं नाही. बापानं विचारलं नाही. पण तातोबा रोज त्या भिंतीशी उभे राहून खुणा मोजून जायचे, हे गवरेनं पाहिलं होतं.

भैरूचा गुडघाही वळत होता. चालला, मग पाण्यात चालला, मग हलक्या बैठका झाल्या. जत्रा पंधरा दिवसांवर आली. आणि तिथं पोरानं घात केला.

तरणं अंग, त्यात गावचा पहिला गडी. त्याला धीर धरवेना. एका दुपारी गवरा मडकी भाजायच्या आव्याला लाकडं रचत होती, तेवढ्यात तो तालमीत गेला आणि लपून एक कुस्ती धरली. गुडघा पुन्हा फिरला. लंगडत घरी आला आणि आईसमोर उभा राहिला.

तिनं बादली उचलून त्याच्या हातात दिली. मग तीच परत काढून घेतली, त्याला बसवलं आणि रांजणाखाली माती काढायला वाकली. असं म्हणतात की, त्या दिवशी ती माती गार लागली नाही, कारण गवरेच्या डोळ्यांतलं कढत पाणी तिच्यात पडत होतं.

जत्रेचा दिवस उजाडला. सूज उतरली होती. भैरूनं लांग कसली.

"आये, मी लढनार. दुखत न्हाई आता."

"एका पायावर हुबा ऱ्हा."

तो राहिला.

"बस खाली. ऊठ. आता ह्या कट्ट्यावरनं खाली उडी टाक."

त्यानं उडी टाकली. तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पण डोळ्याची पापणी लवली, आणि गवरेनं ती पाहिली.

"न्हाई. तू बसनार."

"आये, मी बसलो तर ढाल जाईल. ढाल गेली तर घर जाईल."

"घर गेलं तर दुसऱ्या गावात दुसरं बांधू," गवरा म्हणाली. "मी जल्मभर माती मळतीया. रांजन घडवला, पनती घडवली. गुडघा मला घडवता येत न्हाई रं बाबा."

धोंडी दारात गाढवांवर खोगीर चढवत होता. तातोबांना कळलं तेव्हा ते धावत आले. "पयला गडी बसवतीस? तुला गाव सोडायची हौसच हाय का?"

"वस्ताद," गवरा म्हणाली, "मागच्या चैत्रात तुमच्या तालमीतनं धडधाकट गडी किती गेलं होतं जत्रंला?"

तातोबांनी मनात मोजलं. "पाच."

"आज किती निघाल्यात बघा जरा."

तातोबांनी मागं वळून पाहिलं. वेशीतून पोरं चालली होती. एकाच्या अंगावर पट्टी नाही, एक लंगडत नाही, एकाचा हात गळ्यात नाही. एकोणीस गडी होते. सगळ्यांत शेवटी खंडू होता. तातोबा त्यांच्यामागून चालू लागले.

नदीपलीकडं हलगी कडाडली. सहा गावं जमली. बाकीच्या गावांचे गडी वर्षाच्या मारानं आधीच अर्धे झालेले. कुणाच्या गुडघ्याला फडकं, कुणाच्या कोपराला हळद. सूर्य डोक्यावर येईतो तीन गावं बसली. ऊन कलायला लागलं तशी आणखी एक बसलं. उरली दोन, निंबवळ आणि वाघोशी.

वाघोशीचा शेवटचा गडी दौला म्हणजे डोंगर. असं म्हणतात की, तो मैदानात उतरला की सावली जत्रेतल्या पाळण्यापर्यंत जायची. त्यानं निंबवळचे गडी पाडायला सुरुवात केली. एक पाडला. चार पाडले. नऊ पाडले. पण पडलेला गडी उठायचा, माती झाडायचा आणि हसत बाहेर यायचा. आणि दर वेळी निंबवळच्या ओळीतून नवा, ताजा, पाणी पिऊन आलेला गडी उठायचा. दौल्याला त्याच्या वस्तादानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेऊ दिला नव्हता. अठरा गडी झाले. दौला उभाच होता, पण आता त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

निंबवळचा एकच गडी राहिला. खंडू उठला.

लोक हसले. "अरं, ह्यो तर लंगोट धुनारा!" "एका हाताचा पैलवान!" तातोबा गवरेशेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा एवढा मोठा आवाज, तो त्या वेळी कुठं गेला कुणास ठाऊक. हळूच म्हणाले, "गवरे, खांदा टिकंल?"

"भिंतीवरच्या खुना तुमीच मोजल्यात की, वस्ताद."

खंडू आणि दौला भिडले. दौल्यानं त्याला खाली दाबला, खंडू निसटला. दौल्यानं कमर धरली, खंडू निसटला. दौला ज्या हाताला कमजोर समजून जोर लावत होता, तोच हात दर वेळी त्याची पकड सोडवत होता. सूर्य डोंगराला टेकला. दौला शेवटचा नेट लावून पुढं झुकला, आणि खंडूनं उजवा हात वर टाकून ढाकेचा डाव मारला. तोच हात, कानाच्या वर. डोंगर हवेत उचलला गेला आणि पाठीवर आला.

हलगी थांबली. मग अशी वाजली की असं म्हणतात, येरळेच्या डोहातले मासे काठावर उड्या मारायला लागले. निंबवळची माणसं नाचत होती. पाटलीणबाई ज्या गुडघ्यांना वर्षभर शिव्या देत होत्या, त्याच गुडघ्यांवर फुगडी घालत होत्या.

पण दौला उठेना. त्याची पोटरी दगडासारखी आवळली होती आणि एवढा मोठा गडी वेदनेनं लोळत होता. वाघोशीचा वस्ताद हिसका द्यायला वाकला. तेवढ्यात तातोबांचा मोठा आवाज परत आला, "हात लावू नगं! गवराबाई, जा आत."

सहा गावांदेखत गवरा मैदानात गेली. तिनं दौल्याचा पाय गुडघ्यात सरळ केला, पायाची बोटं धरून सावकाश त्याच्याकडं वळवली आणि तशीच धरून ठेवली. गोळा सुटला. मग ती म्हणाली, "ह्याला पानी द्या आधी. चिमूटभर मीठ-गूळ घाला. लेकरू सकाळधरनं तहानलंय." दौल्यानं अख्खा तांब्या रिकामा केला आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. वाघोशीच्या वस्तादानं दुसरा तांब्या भरला आणि आपल्या बसलेल्या गड्यांकडं नेला.

ढाल निंबवळला मिळाली. ढालीसोबत जिंकणाऱ्याला मानाचा फेटा मिळायचा. तो खंडूच्या डोक्याला बांधायला पुजारी आला. खंडूनं तो हातात घेतला, गर्दीतून वाट काढली आणि कडेला बसलेल्या भैरूच्या डोक्याला बांधला.

"अरं, मी लढलोच न्हाई," भैरू म्हणाला.

"तुझा गुडघा दुखत हुता आन् तू बसलास. दोन वर्सांमागं मला कुनी असं बसू दिलं असतं, तर माझी दोन वर्सं लंगोट धुन्यात गेली नसती. लढायला काय, आज एकोणीसजण लढलं. बसला तू एकटा."

मग तातोबा पुढं आले. त्यांनी मुलाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढला नाही.

धोंडीनं गाढवांवरचं खोगीर उतरवलं.

तेव्हापासून जोगाईच्या जत्रेत निंबवळची एक रीत आहे, ती दुसऱ्या कुठल्या गावात नाही. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी वस्ताद हाळी देतात, "गवराईच्या नावानं! दुखावलेला कोन बसलाय?" ज्याला दुखापत आहे तो गडी पुढं येतो, आणि जत्रेतला पहिला फेटा त्याच्या डोक्याला बांधतात. जिंकणाऱ्याला फेटा मागून. त्या गावात दुखणं लपवून लढला असं कुणाबद्दल बोलले, तर ती शिवी समजतात. हौद दर अमावास्येला खणतात, पहिली कुदळ गावातल्या एखाद्या बाईच्या हातून. आणि सकाळी नदीकडं निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला कुठं चाललात असं कुणी विचारलं, तर तो सांगतो, "गवराईकडं जाऊन येतो."

कुंभाराच्या घराचं काय झालं? पाटलांनी नदीकाठची मातीची खाण धोंडीच्या नावानं कायमची सोडली. पुढच्या चैत्रात भैरू दोन्ही गुडघ्यांवर ताठ उभा राहिला, आणि ढाल त्यानं आणली. त्याच्या पुढच्या चैत्रातही त्यानंच आणली. तातोबा थकले तेव्हा त्यांनी तालमीची किल्ली भैरू आणि खंडू दोघांच्या हातात मिळून दिली. भैरूला दौल्याची बहीण दिली, वाघोशीकरांनी हौसेनं वाजतगाजत लग्न लावलं. त्यांना चार मुलगे झाले, तीन मुली झाल्या, आणि सातही लेकरं चालायला लागली ती पळायलाच. गवरा नव्वदीच्या पुढं गेली तरी रोज नदीवर चालत जायची, पाठीमागं नातवंडांची रांग. असं म्हणतात की, येताना ती कधी रिकाम्या हातानं आली नाही, डोक्यावर मातीची पाटी असायचीच, आणि त्या घराचं चाक पुढं सात पिढ्या थांबलं नाही.